दोन बिंदूंवरून रेषेचा चढ: उत्तर −३/२ च का, −६ किंवा ३/२ का नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ए(−३, ८) आणि बी(५, −४) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचाय, लेकीचं उत्तर −६ येतंय, तिचा मोठा भाऊ ३/२ म्हणतोय, पुस्तकाच्या मागे −३/२ छापलंय आणि घरात सगळ्यांचं मत असं की छपाई चुकली असणार. छपाई बरोबर आहे. पण दोन्ही पोरांच्या चुका अगदी नेहमीच्या आहेत, दहावीच्या बॅचला निर्देशक भूमिती शिकवायला घेतली की पहिल्या आठवड्यात याच दोन चुका वह्यांमध्ये सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लेकीला वाचायला द्या.

आधी बरोबर उत्तर. चढ म्हणजे वाय मधला फरक भागिले एक्स मधला फरक. दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा करायचा.

वायचा फरक: −४ − ८ = −१२
एक्सचा फरक: ५ − (−३) = ५ + ३ = ८
चढ: −१२/८ = −३/२

झालं. आता लेकीचं −६ कुठून आलं? तिने एक्सचा फरक ५ − ३ = २ घेतला, मग −१२/२ = −६. म्हणजे सूत्रातला वजा लिहिला पण बिंदूचा स्वतःचा वजा गिळून टाकला. सूत्रात एक वजा असतोच आणि −३ ला स्वतःचा वेगळा वजा आहे, दोन्ही कागदावर दिसले पाहिजेत. याला उपाय एकच, ऋण संख्या सूत्रात टाकताना कंस घालूनच टाकायची. ५ − (−३) असं लिहिलं की हात आपोआप ५ + ३ लिहितो. पोरं म्हणतात सर आम्ही तोंडी करतो कंस कशाला, आणि मग बरोबर तिथेच मार्क जातो. ज्यांना गणित चांगलं येतं त्यांचेच मार्क इथे जास्त जातात, कारण त्यांना घाई असते.

भावाची चूक वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर. त्याने वायसाठी बी मधून ए वजा केला, −४ − ८ = −१२, आणि एक्ससाठी मात्र ए मधून बी, −३ − ५ = −८. आकडे बरोबर, वजाबाक्या बरोबर, पण वर एक दिशा आणि खाली उलटी दिशा. −१२/−८ = ३/२. चिन्ह उलटं झालं म्हणजे रेषाच बदलली, उतरणारी रेषा चढणारी झाली.

इथे पोरांचा हमखास प्रश्न येतो, की पहिला बिंदू कुठला आणि दुसरा कुठला हे ठरवायचं कसं? काही ठरवायचं नाही. कुठलाही पहिला घ्या. ए मधून बी वजा करून बघा: ८ − (−४) = १२ आणि −३ − ५ = −८, चढ १२/−८ = −३/२, तेच. कारण क्रम उलटा केला की वरचाही फरक चिन्ह बदलतो आणि खालचाही, दोन्ही वजा एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त एकदा घेतलेला क्रम वर आणि खाली सारखा पाहिजे. मी वहीत असं लिहायला लावतो की दोन्ही बिंदू एकाखाली एक, एक्सखाली एक्स आणि वायखाली वाय, आणि मग खालच्या ओळीतून वरची ओळ वजा. दोन्ही स्तंभात खालून वरची. असं लिहिलं की भावाची चूक करायला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल. उत्तरपत्रिकेत मात्र सूत्र लिहून, एक्स१, वाय१ कुठले ते लिहून मगच किमती टाका, स्टेपचे मार्क असतात.

तिसरी एक चूक तुमच्या घरात झाली नाही पण होईल, ती म्हणजे अपूर्णांक उलटा. ८/−१२ = −२/३. "एक्स आधी येतो म्हणून एक्स वर" असं पोरांच्या डोक्यात बसतं. वाय वर का, याचं कारण पाठ करायचं नसून समजून घ्यायचं आहे: आपण विचारतोय काय, की एक्स मध्ये एक पाऊल उजवीकडे टाकलं तर वाय कितीने वर जातो किंवा खाली येतो. दर एका एक्समागे किती वाय, म्हणून एक्स भाजकात. हे एकदा डोक्यात शिरलं की सूत्र विसरलं तरी बिघडत नाही.

आता या उत्तराचा अर्थ बघा, कारण तपासणी त्यातूनच निघते. चढ −३/२ म्हणजे २ उजवीकडे जा, ३ खाली या. ए(−३, ८) पासून सुरू करा. २ उजवीकडे ३ खाली, (−१, ५). परत तेच, (१, २). परत, (३, −१). परत, (५, −४). पोचलो की बी वर! चार पायऱ्यात बरोबर बी वर आलो म्हणजे उत्तर शंभर टक्के बरोबर. आता लेकीचं −६ घेऊन बघा, १ उजवीकडे ६ खाली: (−२, २), (−१, −४)... वाय −४ वर आला तेव्हा एक्स अजून −१ वरच आहे, बी तर ५ वर आहे, म्हणजे चुकलं. आणि भावाचं ३/२ घेतलं तर आपण वरच चाललोय, (−१, ११), (१, १४), बी खाली राहिला. कुणाला विचारायची गरज नाही, उत्तरसूची बघायची गरज नाही, रफ कागदावर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फार मोठे आकडे किंवा अपूर्णांक असतील तर पायऱ्या नाही मोजता येत, तेव्हा निदान कच्ची आकृती काढा. ए डावीकडे वरच्या बाजूला, बी उजवीकडे खाली, डावीकडून उजवीकडे जाताना रेषा उतरते म्हणजे चढ ऋण यायला पाहिजे. चिन्ह आधी सांगायचं, मग गणित करायचं, हा माझा क्लासमधला नियम आहे आणि त्यावर मी अडून बसतो.

लेकीने अजून एक विचारलंय ते मला फार आवडलं, की रेषेवर तर असंख्य बिंदू असतात, मग हेच दोन का, दुसरे घेतले तर चढ वेगळा नाही का येणार? नाही येणार. वरच्याच पायऱ्यांमधले मधले बिंदू घ्या, (−१, ५) आणि (३, −१): −६/४ = −३/२. आणि याचं कारण तिने याच पुस्तकात पहिल्या प्रकरणात शिकलंय. रेषेवर कुठल्याही दोन बिंदूंमध्ये एक आडवा आणि एक उभा रेषाखंड काढला की काटकोन त्रिकोण तयार होतो. दुसरीकडे तसाच दुसरा काढा, लहान मोठा कसाही. दोन्हीत एक कोन ९०° चा, आणि रेषा तीच असल्यामुळे आडव्या बाजूशी होणारा कोन संगत कोन म्हणून सारखा. को-को कसोटीने त्रिकोण समरूप, म्हणून उभी बाजू भागिले आडवी बाजू हे गुणोत्तर सगळ्यात एकच. चढ ही त्या दोन बिंदूंची गोष्ट नसते, अख्ख्या रेषेची असते, बिंदू फक्त मोजायला लागतात. पहिलं प्रकरण (समरूपता) आणि पाचवं प्रकरण (निर्देशक भूमिती) इथे एकमेकांना भेटतात आणि हे बहुतेक ठिकाणी सांगितलंच जात नाही, सूत्र फळ्यावर लिहिलं की सरळ उदाहरणं सुरू.

पण हे फक्त सरळ रेषेला लागू. वाकड्यातिकड्या गोष्टीवर दोन बिंदू घेऊन चढ काढला तर येते ती नुसती सरासरी. नेरळ-माथेरानची छोटी गाडी घ्या. १९०७ सालची लाईन, लांबी साधारण २१ किलोमीटर. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे ७६० मीटर चढायला २१,००० मीटर रूळ. ७६०/२१००० म्हणजे ०.०३६ च्या आसपास, रेल्वेच्या भाषेत साधारण २८ ला १, म्हणजे २८ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. पण त्या मार्गावर सगळ्यात कडक चढ २० ला १ आहे, म्हणजे ०.०५. मग कुठेतरी चढ सरासरीपेक्षा कमी असलाच पाहिजे, असतोच. नेरळ आणि माथेरान या दोन बिंदूंवरून इंजिनाला किती जोर लागेल हे सांगता येणार नाही, त्याला मधले जवळजवळचे बिंदू घ्यावे लागतात. पुढे अकरावी-बारावीला डेरिव्हेटिव्ह शिकतील तेव्हा हेच करतील, दोन बिंदू एकमेकांच्या जवळ आणत न्यायचे. (कुणी म्हणेल २१ किलोमीटर ही रुळाची लांबी आहे, आडवं अंतर नाही. मुद्दा बरोबर आहे, पण पायथागोरसने काढून बघा, २१,००० मीटरमागे फरक पडतो फक्त १४ मीटरचा.)

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न मी क्लासमध्ये नेहमी टाकतो. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात, जिथून १८६३ पासून गाड्या चालतात, चढ ३७ ला १ आहे. कसारा-इगतपुरीच्या थळ घाटातही ३७ ला १. कोकण रेल्वे बांधली तेव्हा १५० ला १ पेक्षा जास्त चढ ठेवायचा नाही असं धरून बांधली. कुठला चढ जास्त? अर्धा वर्ग म्हणतो कोकण रेल्वेचा, कारण १५० मोठा. पण चढ आहे १/१५०, म्हणजे दीडशे मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. १/३७ त्याच्या चौपटीहून जास्त. म्हणूनच घाटात मागून बँकर इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते, आणि कोकणात ती भानगड नको म्हणून एवढे बोगदे आणि पूल केले. भाजक मोठा म्हणजे चढ सौम्य, हे पोरांना घाट दाखवल्याशिवाय पटत नाही. सार्वजनिक इमारतीत व्हीलचेअरसाठी रॅम्प करतात तो १२ ला १, म्हणजे जोतं ६० सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब पाहिजे. सोसायट्यांमध्ये दोन-अडीच मीटरमध्ये उरकलेले रॅम्प दिसतात, त्यांचा चढ तुम्हीच काढा.

आता आडवी आणि उभी रेषा, इथे गोंधळ फार. (२, ५) आणि (−६, ५) घ्या. वायचा फरक ०, एक्सचा −८, चढ ०/−८ = ०. आडवी रेषा, ना चढते ना उतरते, म्हणून ० हे अगदी रीतसर उत्तर आहे. (४, १) आणि (४, ७) घ्या. वायचा फरक ६, एक्सचा ०. ६/० ला काही अर्थ नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही असंच वाक्यात लिहायचं. तिथे ० लिहिलं तर चूक. "चढ नाही" असं मोघम लिहू नका, वाचणाऱ्याला कळत नाही तुम्हाला शून्य म्हणायचंय का ठरवता येत नाही म्हणायचंय.

हुशार पोरं इथे म्हणतात सर मग अनंत लिहू का. नका लिहू. उभ्या रेषेला किंचित उजवीकडे झुकवा, चढ +१००० वगैरे येईल, अजून उभी करत नेली तर अजून मोठा. आता किंचित डावीकडे झुकवा, चढ −१०००. दोन्ही बाजूंनी आपण त्याच उभ्या रेषेकडे येतोय पण एकीकडून धन बाजूला पळतोय आणि दुसरीकडून ऋण बाजूला. मग नक्की कुठला अनंत? म्हणून ठरवता येत नाही.

टॅनचं थोडक्यात. रेषा एक्स अक्षाच्या धन दिशेशी जो कोन करते त्याचा टॅन म्हणजे चढ, कारण त्या काटकोन त्रिकोणात समोरची बाजू भागिले लगतची बाजू हेच तर आहे. ४५° ला चढ १, ६०° ला √३, ३०° ला १/√३, एवढं दहावीला पुरतं. आपल्या −३/२ चा कोन विशालकोन येतो, सुमारे १२३.७°. कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन दाबला तर तो −५६.३° दाखवतो, त्यात १८० मिळवायचे. हे अकरावीत लागेल, आत्ता नुसतं माहीत असू दे.

कोन मोजून चढ काढायचा शहाणपणा मात्र करू नका. आलेख कागदावर एक्सला १ सेमी = १ एकक आणि वायला १ सेमी = ५ एकक असं प्रमाण घेतलं तर ५ चढाची रेषा डोळ्यांना ४५° ची दिसते. कोनमापक लावलात की उत्तर १ येणार आणि चुकणार. चढ नेहमी अक्षांवरचे आकडे वाचून काढायचा, डोळ्याने किंवा सेंटीमीटर मोजून नाही.

बोर्डाच्या परीक्षेत चढावर जी गणितं येतात त्यात एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवरच्या, बिंदूंचं फार आवडतं. तीन बिंदू दिलेले, एकरेषीय आहेत का दाखवा. एबी चा चढ काढा, बीसी चा काढा, सारखे आले तर एकरेषीय. पण शेवटचं वाक्य अर्धी पोरं खातात: "आणि बी हा दोन्हींमध्ये सामाईक बिंदू आहे". ते लिहिलंच पाहिजे, कारण नुसते चढ सारखे म्हणजे रेषा समांतरही असू शकतात, आगगाडीचे दोन रूळ सारख्याच चढाचे असतात पण एकच रूळ नसतो. सामाईक बिंदू आहे म्हणूनच त्या दोन रेषा एक होतात. समांतरभुज चौकोनाच्या गणितात उलट, तिथे चढ सारखे येऊन बाजू समांतर हेच पाहिजे असतं.

दुसरा प्रकार, चढ दिलेला आणि एक निर्देशक अज्ञात. (२, ३) आणि (के, ७) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ २/३, के काढा. ४/(के − २) = २/३, तिरकस गुणाकार, १२ = २के − ४, के = ८. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त के − २ ला कंस घाला. परत तेच, कंस.

सायन्सवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण लेक पुढे सायन्सला जाणार म्हणताय. नववीत अंतर-काल आलेख झालाय, त्यातला चढ म्हणजे चाल. बस २ तासांनी ८० किलोमीटरवर आणि ५ तासांनी २०० किलोमीटरवर, तर १२०/३ = ताशी ४० किलोमीटर. म्हणजे चढाला एकक पण असतं, जिथे अक्षांना एककं आहेत तिथे ते लिहायचं. आणि अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला आलेखावरून चढ काढताना दोन बिंदू लांब लांबचे घ्यायचे. कागदावर वाचताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. बिंदूंमध्ये २ सेमीचं अंतर असेल तर १ मिमी म्हणजे ५ टक्के चूक, १२ सेमी असेल तर एक टक्क्याच्याही आत. शिवाय बिंदू आपण काढलेल्या रेषेवरचे घ्यायचे, प्रयोगातल्या वाचनांपैकी दोन उचलायची नाहीत, नाहीतर एवढी रेषा काढली कशाला.

लेकीला सरावाला ही पाच द्या, उत्तरं खाली आहेत पण आधी झाकून ठेवा. चिन्ह आधी तोंडी सांगायला लावा.

(०, ०) आणि (−४, −६).
(७, −२) आणि (−१, −२).
(−५, ३) आणि (−५, −९).
(−१, −४), (१, २), (४, ११) एकरेषीय आहेत का?
(०, १), (३, ३), (९, ८) एकरेषीय आहेत का?

पहिल्याचं ३/२, दोन्ही फरक ऋण म्हणून चढ धन, इथे बरीच पोरं सवयीने वजा लावतात. दुसऱ्याचं ०. तिसऱ्याचा चढ ठरवता येत नाही. चौथ्यात दोन्ही चढ ३, एकरेषीय, आणि मधला बिंदू सामाईक आहे हे वाक्य लिहिलंय का ते बघा. पाचव्यात पहिल्या जोडीचा २/३ आणि दुसऱ्या जोडीचा ५/६, एकरेषीय नाहीत. ते कच्च्या आकृतीत एका रेषेत असल्यासारखेच दिसतात, मुद्दाम तसे घेतलेत.